रोम न बघता इटली

"म्हणजे काय? इटलीला गेलात आणि रोम न बघताच परत आलात?"

मैत्रिणींनो, २०२५ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं परत आलो तेव्हापासून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की आता समोरचीनं नुसतं "अहो, तुम्ही म्हणे..." असं म्हटलं तरी मीच "नाही, रोम नाही बघितलं," असं सांगून मोकळी होते. शेजारच्या वहिनींनी तर कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत पाय धुवायचे आणि विठोबाला न भेटता एसटी पकडायची, त्यातली गत झाली तुमची!"

वहिनींचं म्हणणं अगदीच खोटं नाही. रोम बघितलं नाही, व्हेनिस बघितलं नाही. पिसाचा कलता मनोरा बघितला, तोही आगगाडीनं अर्ध्या तासावर होता म्हणून. बाकीचे दिवस आम्ही लुक्का नावाच्या एकाच गावात काढले. तरीसुद्धा मला विचाराल तर मी इटली बघून आले असंच म्हणेन. कशी, ते सांगते. तुमच्यापैकी कुणाच्या मनात असं जायचं असेल तर तयारी कशी करायची, तेही सांगते. पण आधी घरातली एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय बाकीचं कळायचं नाही.

आमचे हे बँकेत होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. नोकरी होती तोवर सकाळचा डबा, मुलांचे अभ्यास, सासूबाईंची औषधं, माझ्या शिकवण्या, ह्या धबडग्यात आम्हा दोघांत बोलणं किती कमी आहे हे कधी लक्षातच आलं नाही. मग लेक लग्न होऊन पुण्याला गेली, मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला, आणि घर एकदम गप्प झालं. एक दिवस मला काय सुचलं कोण जाणे, सकाळपासून रात्रीपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी किती वाक्यं बोललो ती मी मनातल्या मनात मोजली. अकरा! त्यातली दोन गॅसच्या सिलिंडरबद्दल आणि एक दूध नासल्याबद्दल. भांडण म्हणाल तर मुळीच नव्हतं. भांडायलासुद्धा बोलावं लागतं.

लेकीनं टुमणं लावलं, "आई, तुम्ही दोघं कुठेतरी लांब फिरून या." ह्यांनी लगेच सहलीचं एक पत्रक आणलं. बारा दिवस, पाच देश, त्यातले साडेतीन दिवस इटलीचे. रोज सकाळी सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस. वाचता वाचता मला हसूच आलं. सहा, सात, आठ! अहो, लग्न झाल्यापासून तेहतीस वर्षं मी दुसरं काय करते आहे? पैसे भरून पुन्हा तेच करायला एवढ्या लांब कशाला जायचं?

अशा सहलींना नावं ठेवायला मी बसलेली नाही हं. कितीतरी जणींना त्यांच्यामुळेच परदेश दिसला. ज्यांचे गुडघे धड आहेत आणि ज्यांना चार माणसांत रमायला आवडतं त्यांनी जरूर जावं. पण माझी एक भाची पिसाच्या विद्यापीठात दोन वर्षं शिकायला होती. ती म्हणाली, "मावशी, इटलीत बघायच्या वस्तू ढीगभर आहेत. पण त्या लोकांची खरी कला कुठली सांगू? दिवस कसा घालवायचा ही. ती काही बसच्या खिडकीतून दिसत नाही. एका गावात घर घेऊन राहा आणि त्यांच्या घड्याळानं चाला."

हे बोलणं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आणली आणि रात्री जेवणं झाल्यावर ह्यांना म्हटलं, "आपण इटलीलाच जाऊ. एकाच गावात. दहा दिवस. दोघंच."

ह्यांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "दहा दिवस आपण दोघंच तिथे करणार काय?"

प्रश्न रागाचा नव्हता. म्हणूनच मला जास्त लागला. "सहलीत कसं, चार माणसं बरोबर असतात," असं काहीतरी पुटपुटून ते टीव्हीकडे वळले. आणि खरं सांगते, मलाही उत्तर सुचलं नाही. कारण मनातून भीती मलाही तीच होती.

भीती होती तरी वही लिहीतच राहिले. पहिलं काम गाव निवडायचं. भाचीनं सांगितलं, मोठं शहर नको. पण आगगाडीचं स्टेशन हवं आणि पायी फिरता यायला हवं. टस्कनी प्रांतातलं लुक्का त्यात चपखल बसलं. फ्लॉरेन्सहून गाडीनं साधारण दीड तास, पिसाहून अर्धा तास. गावाभोवती सोळाव्या-सतराव्या शतकात बांधलेला तट आहे, चार किलोमीटरांहून थोडा लांब आणि अजून अखंड. तटाचा माथा एवढा रुंद, की वर दुतर्फा झाडं लावून फिरायचा रस्ता केला आहे. हा तट लढाईच्या कामी कधी आलाच नाही. पण १८१२ साली नदीला महापूर आला तेव्हा वेशीचे दरवाजे बंद करून गाव वाचवलं म्हणे. कृष्णाकाठी जन्म गेलेल्या बाईला एवढं वाचून ते गाव आवडलं नाही तरच नवल!

दुसरं काम तारखांचं. इथे आपण चुकतो. स्वस्त विमान कधी आहे ते बघतो, पण तिथली माणसं त्या दिवसांत काय करतात ते बघत नाही. ऑगस्टमध्ये इटलीतली बरीच घरं सुट्टीवर जातात. १५ ऑगस्टचा त्यांचा मोठा सण असतो आणि त्या सुमाराला गावातल्या खऱ्या दुकानांना कुलपं दिसतात. उन्हाळाही कडक. लुक्क्यात १३ सप्टेंबरला 'लुमिनारा' असते. त्या रात्री गावच्या रस्त्यांतले विजेचे दिवे मालवतात, घरांच्या खिडक्यांच्या कडांनी काचेच्या वाट्यांतून हजारो मेणाचे दिवे लावतात आणि मिरवणूक निघते. दिवाळीतल्या पणत्यांची आठवण झाली आणि मी १३ तारखेभोवती वहीत लाल गोल काढला.

आता आपल्या घरचं पंचांग! २०२५ मध्ये अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आणि घटस्थापना २२ ला. मध्ये पितृपक्ष. सासऱ्यांची तिथी चुकणार होती. सासूबाईंचं वय चौऱ्याऐंशी. त्यांना विचारायला मी चार दिवस धीर गोळा करत होते. पण त्याच म्हणाल्या, "सर्वपित्रीला करू. तुम्ही त्याच्या आत या म्हणजे झालं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मी काशीला जाऊन आले ना, ती बसनंच. नऊ दिवसांत अकरा ठिकाणं. मला गंगा आठवत नाही गं, ती बस तेवढी आठवते. तू नीट जाऊन ये." दीर आणि जाऊबाई पुण्याहून दहा दिवस राहायला आले. जाऊबाईंचे हे उपकार मी विसरणार नाही. आम्ही ८ तारखेच्या रात्री निघालो आणि १९ ला घरी परतलो.

पैशांचं थोडक्यात सांगते. शिकवण्यांच्या पैशांची माझी एक ठेव होती, पाटल्या करायच्या म्हणून ठेवलेली. ती मोडली. हे म्हणाले, "तुझे कशाला?" मी म्हटलं, "माझे घातले की माझ्या मनासारखं होईल!" निम्मे त्यांचे, निम्मे माझे. मैत्रिणींनो, शक्य असेल तर थोडेतरी आपले पैसे घाला. बोलायला आवाज येतो.

व्हिसा शेंगेनचा लागतो. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो. निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, पण तितकं ताणू नका. दोन-तीन महिने हातात ठेवा. निदान तीस हजार युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे, आयकराचे कागद, राहण्याच्या जागेची पावती, परतीचं तिकीट, हे सगळं लागतं आणि बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. हे काम ह्यांनी केलं. जन्मभर दुसऱ्यांचे कर्जाचे कागद तपासलेला माणूस. फाईल अशी लावली की बघत राहावं.

आता वहीतलं मुख्य पान. मी त्यावर दोन रकाने आखले. डावीकडे तिथल्या माणसांचा दिवस, उजवीकडे आमचा.

सकाळी आठ : कॉफी. तिथे कॉफीच्या दुकानालाच 'बार' म्हणतात. हे वाचल्यावर आमचे हे दचकले. "सकाळी आठला बारमध्ये? आणि तुझ्याबरोबर?" काउंटरशी उभं राहून कॉफी प्यायची, बरोबर एखादा गोड पाव खायचा, दोन शब्द बोलायचे आणि निघायचं. उभ्यानं प्यालं तर छोटी कडक कॉफी साधारण सव्वा-दीड युरोला मिळते. टेबलाशी बसलं तर बऱ्याच ठिकाणी दर वाढतो. दूध घातलेली कॉफी सकाळीच. जेवणानंतर मागितली तर देतात, पण मनात हसतात.

नऊ ते साडेबारा : बाजारहाट आणि बघायचं ते. दुकानात शिरताना आधी 'बुओनजोर्नो' म्हणायचं. नुसतं आत जाऊन वस्तूला हात घालणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. भाजीवाल्याकडे टोमॅटो दाबून बघायचे नाहीत, तोच निवडून देतो. मोठ्या दुकानात प्लॅस्टिकचे हातमोजे ठेवलेले असतात, ते घालून आपण निवडायचं. आपल्याला भेंडीचं शेपूट मोडून बघायची सवय, त्यामुळे पहिले दोन दिवस हात पाठीमागे बांधूनच हिंडले.

एक ते चार : जेवण आणि विश्रांती. लहान गावांत ह्या वेळात बरीच दुकानं चक्क बंद असतात. आपण पुण्याच्या दुकानदारांच्या दुपारच्या पाटीवर इतके विनोद केले, पण तिथे कुणाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. दुपारी माणसानं घरी जाऊन जेवावं, पडावं, ह्यात गैर काय? खाणावळींचंही तसंच. अडीचच्या सुमाराला स्वयंपाकघर बंद होतं ते संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत उघडत नाही. तीन वाजता भूक लागली तर पंचाईत, म्हणून पिशवीत काहीतरी हवंच.

पाच ते सात : फिरणं. ह्याला ते 'पासेज्जाता' म्हणतात. व्यायामाचं चालणं नव्हे बरं का. चांगले कपडे करून, म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून, मुलाबाळांना घेऊन गावच्या मुख्य रस्त्यावरून सावकाश जायचं, परत यायचं. ओळखीचं दिसलं की थांबायचं. बाकावर बसायचं. कुठे पोहोचायचं नसतं.

आठ : जेवण. खाणावळीत बिलावर माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' म्हणून लावतात. ती फसवणूक नाही, टेबलाचं आणि पावाचं असतं. आणि जेवण झालं तरी बिल आपणहून आणत नाहीत. तुम्हाला उठवणं त्यांना असभ्यपणाचं वाटतं. मागितलं की मिळतं.

उजव्या रकान्यात मी आमच्यासाठी लिहीत गेले, पण पाच ते सातची जागा कोरीच राहिली. ह्यांनी ती वही हिशेब तपासावा तशी तपासली आणि त्या जागेवर बोट ठेवलं. "हे भरायचं राहिलं."

"ते तसंच ठेवायचं आहे," मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. पण दोन दिवसांनी बघते तर वहीच्या मागच्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं : 'पोंतेदेरा. पिसाहून आगगाडी.' खाली अधोरेखा, दोनदा.

पोंतेदेरा म्हणजे काय ते ऐका. ह्यांच्याकडे बजाज चेतक होती. तिच्यावरून वीस वर्षं हे वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या शाखेत गेले. तिची जात मूळची इटलीची! पिआज्जिओ कंपनीनं १९४६ साली व्हेस्पा काढली ती ह्या पोंतेदेरा गावी. व्हेस्पा म्हणजे त्यांच्या भाषेत गांधीलमाशी. विमानं, हेलिकॉप्टर करणाऱ्या कोर्रादीनो दास्कानिओ नावाच्या इंजिनिअरनं तिचा आराखडा केला. बजाजनं आधी पिआज्जिओच्या परवान्यानं आपल्याकडे व्हेस्पा काढल्या आणि पुढे १९७२ च्या सुमाराला चेतक आली, तीही त्याच वळणाची. आपल्याकडे रस्तोरस्ती दिसणारी तीनचाकी 'आपे' आहे ना, तीही त्याच कंपनीची. त्या शब्दाचा अर्थ मधमाशी. तिचा कारखाना आपल्या बारामतीला आहे. पोंतेदेऱ्याला ह्या सगळ्याचं संग्रहालय आहे. हे सगळं ह्यांनी मला जेवताना सांगितलं. मी वाक्यं मोजायची सोडून दिली.

आता खाण्याचं सांगते, कारण आपलं अर्धं लक्ष तिथेच असतं. आम्ही स्वयंपाकघर असलेली दोन खोल्यांची जागा घेतली. शाकाहारी माणसाचे इटलीत हाल होतात हा गैरसमज आहे. पण विचारावं लागतं. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे', म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे चार शब्द पाठ करा. भाज्यांच्या सूपमध्येही डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. लुक्क्याचा 'तोर्देल्ली' हा प्रकार दिसतो आपल्या करंजीच्या धाकट्या बहिणीसारखा, पण आत खिमा असतो. कडक शाकाहारी असाल तर पार्मेजान चीजही सोडा. त्यात वासराच्या जठरातलं विरजण वापरतात.

पण काय मिळतं तेही ऐका. 'चेचीना' म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल कालवून मोठ्या परातीत भट्टीत भाजलेली जाड धिरडी. वरून मिरपूड. पहिला घास खाल्ला आणि हे म्हणाले, "अगं, हे तर आपलं पिठलंच, भाजलेलं!" 'फार्रो'चं सूप म्हणजे आपला खपली गहू. आपण त्याची खीर करतो, ते कडधान्याबरोबर शिजवतात. लुक्क्याच्या उत्तरेला डोंगराळ भागात तो पिकतो. शिळा पाव वाया घालवणं टस्कनीत पाप. त्याचं भाज्या आणि घेवड्याच्या दाण्यांबरोबर सूप करतात, त्याचीच टोमॅटो-कांद्याबरोबर कोशिंबीर करतात. फोडणीची पोळी करणाऱ्या बाईनं त्या बायकांना लांबूनच नमस्कार करावा. तिथला पाव मात्र अळणी असतो, तेव्हा घाबरून जाऊ नका. 'बुच्चेल्लातो' नावाचा मनुके आणि बडीशेपेच्या वासाचा गोड पाव चहाबरोबर फार छान लागतो.

घरून मेतकूट, लसणाची चटणी, चहा, पोह्याचा चिवडा न्या. तूप, पेढे, दुधाचा कुठलाही पदार्थ नेऊ नका, युरोपात नेता येत नाही. आणखी एक. ज्याची काळजी सगळ्याजणी मनात करतात पण विचारत नाहीत, तेही सांगून टाकते. इतर परदेशात कागदाचं राज्य असतं, पण इटलीतल्या घरांच्या न्हाणीघरात पाण्यानं स्वच्छ होण्याची वेगळी बैठक असते. १९७५ सालापासून तिथे तसा नियमच आहे. निश्चिंत असा.

आगगाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. माझी साडी तिथे भलतीच कामाला आली. आणि सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, तेव्हा आधी बघून घ्या.

एवढी तयारी करून गेलो आणि पहिले तीन दिवस फार जड गेले, हे मी लपवणार नाही. दुपारी एक ते चार सगळं गाव झोपलेलं. टीव्हीवर इटालियन. फोन बाजूला ठेवायचं आम्ही ठरवलेलं. खिडकीशी दोन खुर्च्या, आणि आम्ही दोघं. हे म्हणाले, "ती सहल बरी होती." मी काही बोलले नाही, पण भांडी जरा जोरात विसळली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी न बोलताच तटावर गेलो.

तटावर नेहमीची गर्दी होती. सायकलवरची मुलं, कुत्री घेऊन निघालेले आजोबा, एकमेकींच्या हातात हात घालून चाललेल्या माझ्या वयाच्या बायका. आम्ही एका बाकावर बसलो. खाली घरांची लाल कौलं, पलीकडे डोंगर. दिवे लागायला लागले. बराच वेळ गेला आणि हे एकदम म्हणाले, "पसरणीच्या घाटात वरून वाईचे दिवे असेच दिसतात."

मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर अंधार पडायच्या आत घाट उतरायचात."

"नव्हतो उतरत," ते म्हणाले. "एका वळणावर रोज दहा मिनिटं बसायचो. बँकेतलं डोक्यात असायचं. ते घरी घेऊन यायला नको वाटायचं. दिवे लागले की निघायचो."

मैत्रिणींनो, वीस वर्षं हा माणूस दहा-पंधरा मिनिटं उशिरा यायचा आणि वीस वर्षं मी दुसऱ्यांदा चहा तापवताना कपाळाला आठ्या घालत होते. मला वाटायचं, स्कूटर लावून कुणाशी तरी गप्पा मारत उभे राहतात. आमच्याशी बोलायला ह्यांच्याकडे शब्द नाहीत आणि बाहेर मात्र वेळ आहे. ते तिथे एकटे बसून घरासाठी मन स्वच्छ करत होते, हे मला कळायला लुक्क्याच्या तटावर यावं लागलं.

"मला का नाही कधी सांगितलंत?"

"तू कधी बसलीस का?" ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. मी आठवून बघितलं. खरंच, मी बसले नव्हते. बसलेच तर हातात शेंगा सोलायला असायच्या.

त्या दिवसानंतर दुपारचे तीन तास जड गेले नाहीत. १३ तारखेला दिव्यांच्या रात्री आम्ही गर्दीत तास-दीड तास उभे होतो. काळोख्या गल्ल्या, खिडक्याखिडक्यांना दिव्यांच्या ओळी, मिरवणुकीतली मंत्रासारखी गाणी. शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी माझ्या साडीचा पदर चाचपून बघितला आणि 'बेल्ला, बेल्ला' म्हणाल्या. मी त्यांच्या गळ्यातल्या मण्यांकडे बोट दाखवून 'बेल्ला' म्हटलं. एवढ्या शब्दांवर आमचं छान जमलं.

पोंतेदेऱ्यालाही गेलो. चेतकची सख्खी बहीण वाटावी अशी एक जुनी व्हेस्पा दिसली आणि आमचे हे तिच्यासमोर इतका वेळ उभे राहिले, की पहारेकऱ्यानं दोनदा बघितलं. पेट्रोल उतरावं म्हणून स्कूटर तिरकी कशी करायची आणि मग किक कशी मारायची, ते त्यांनी मला हात न लावता, नुसतं वाकून करून दाखवलं. मला ते ठाऊक होतंच, तेहतीस वर्षं बघत होते. पण मी ऐकून घेतलं.

आता घरी काय? सगळं पालटलं असं म्हणणार नाही. टीव्ही पुन्हा लागतो. सिलिंडरची वाक्यं आहेतच. पण साडेपाच वाजले की आम्ही दोघं निघतो. कधी गणपतीच्या घाटावर नदीशी, तर कधी गाडी काढून पसरणीच्या घाटातल्या त्या वळणावर. शेंगा न्यायच्या नाहीत असा नियम केला आहे. सासूबाईंना बरं वाटत असेल त्या दिवशी घाटापर्यंत त्याही येतात, आणि मग आम्हा दोघांना बोलायची गरजच पडत नाही!

तेव्हा तुम्ही जाल तेव्हा रोम जरूर बघा, मी बघू नका म्हणत नाही. फक्त एखाद्या गावाला निदान चार-पाच दिवस द्या. वहीत दोन रकाने आखा आणि संध्याकाळचे दोन तास कोरे ठेवा. घरच्यांनी "हे भरायचं राहिलं" म्हटलं तरी भरू नका.

माझी वही सध्या शेजारच्या वहिनींकडे आहे. रोमचं पान त्यांनी स्वतः घातलं आहे. पण पाच ते सातची जागा अजून कोरीच आहे, काल मी हळूच बघून आले.